पन्नास सामन्यांनंतरचा माझा शेरा

बेसबॉल आपल्याकडे फारसं कुणी बघत नाही. मला ते वेड दादाने लावलं. तो वॉशिंग्टनजवळ राहतो. २०१९ च्या मे महिन्यात शाळेला सुट्टी, म्हणून पहाटे उठून मोबाईलवर वॉशिंग्टन नॅशनल्सचे सामने बघायचे. हंगाम १६२ सामन्यांचा. पहिल्या ५० पैकी जिंकले १९, हरले ३१! शेरझर, स्ट्रासबर्ग हे पिचर सुरुवात झकास करायचे, पण ते दमून बाहेर गेले की मागून येणारे पिचर हातातला सामना घालवायचे. ट्रे टर्नर तर एप्रिलच्या सुरुवातीलाच बोट मोडून बसलेला.

मी फोनवर सांगूनच टाकलं, "दादा, यंदा यांचं काही खरं नाही."

"अगं, अजून ११२ सामने आहेत."

मला वाटलं, भाबडी आशा. तुम्हीही हेच म्हणाला असता ना?

संघाने ९३ सामने जिंकले आणि ऑक्टोबरअखेर ह्यूस्टनला हरवून वर्ल्ड सिरीजही. सुरुवातीचे चांगले पिचर मला मे महिन्यातही दिसत होतेच की! मी मात्र ३१ हा आकडा धरून बसले.

त्याच जूनमध्ये, पहिल्याच आठवड्यात, चौथीतल्या एका मुलीच्या नावापुढे मी 'वाचन कच्चे' असा शेरा लिहिला होता. पेनने.