इंटरव्हलनंतरची खुर्ची

संतोष पवारचं ‘यदा कदाचित’ जोरात चालू होतं तेव्हाची गोष्ट. वरणगावहून अण्णा माझ्याकडे ठाण्याला आले होते. ऑर्डनन्स फॅक्टरीतून रिटायर झालेला माळकरी माणूस. मी मोठ्या कौतुकानं त्यांना गडकरी रंगायतनला नेलं. म्हटलं, रामायण-महाभारतच आहे, आवडेल!

रामायण आणि महाभारतातली पात्रं एकाच स्टेजवर धुडगूस घालतायत, हाऊसफुल पब्लिक खुर्चीत लोळतंय, आणि शेजारी अण्णा गप्प. इंटरव्हलला ते बाहेर आले ते आलेच.

“मले नाही पाह्यवत. तू पाह्य, मी अठी बसतो.”

मी वैतागलो. जत्रेतल्या तमाशात गवळण सुरू झाली की हाच माणूस पोट धरून हसतो. तिथे मावशी आणि पेंद्या किसनदेवाला काय कमी बोलतात? तसं विचारलंही. म्हणाले, “ते आधी गण म्हनतात. गणपतीच्या पाया पडतात, मंग बोलतात.”

“अण्णा, इथेही पडद्यामागे नारळ फोडतात!”

त्यांनी फक्त चहाचा कप पुढे केला. मला त्यांचं आजही पटलेलं नाही. पाया पडून केलेली थट्टा चालते आणि तिकीट लावून केलेली नाही, हा कुठला न्याय? पण ते दुखावले होते, हे खरं होतं. आणि दुखावल्यावर त्यांनी काय केलं, तर बाकड्यावर बसून माझी वाट पाहिली.

४ जून २००८. त्याच गडकरीत ‘आम्ही पाचपुते’चा प्रयोग होता. तेही पुराणातल्या पात्रांची फिरकी घेणारं नाटक. पार्किंगमध्ये बॉम्ब फुटला, सात जण जखमी झाले. पुढे २०११ मध्ये कोर्टानं दोघांना १० वर्षांची शिक्षा सुनावली. माझी बाइक त्याच पार्किंगमध्ये कितीदा लावली असेन!

रात्री अण्णांचा फोन. मी सुखरूप आहे कळल्यावर बराच वेळ काहीच बोलले नाहीत. मग म्हणाले, “नाही आवडलं तं उठून जायाचं ना. मी गेलो व्हतो का नाही?”

“गेला होता.”

“त्या नाटकात पुढं काय झालं व्हतं रे?”

मला सांगताच येईना. सेकंड हाफभर मी शेजारच्या रिकाम्या खुर्चीकडेच बघत बसलो होतो.