भिंतीवरचा चिमटा

मराठीतला 'चिमटा' हा शब्द फार कष्टाळू आहे. चुलीतला निखारा उचलतो तो चिमटा. दोरीवरचं धुणं वाऱ्यापासून राखतो तोही चिमटा. वेणीतून सुटलेली बट धरून ठेवतो त्यालाही आपण चिमटाच म्हणतो. वर्गात मागच्या बाकावरून काढला जातो तो निराळा, त्याला लाकूड लागत नाही की लोखंड. आणि आमच्यासारख्या घरांतून पोराबाळांच्या फीसाठी जो पोटाला घेतला जातो, तो तर डोळ्यांना दिसतही नाही. साहित्यशास्त्राच्या तासाला सर अभिधा आणि लक्षणा समजावून देत होते, तेव्हा उदाहरणासाठी मला पुस्तक उघडावं लागलं नाही.

मला लिहायचं आहे ते मात्र अगदी वाच्यार्थातल्या एका चिमट्याविषयी. तो आमच्या खोलीच्या भिंतीवर आहे आणि त्याचं काम एकच – पँट धरणं. आता तुम्ही म्हणाल, पँट अडकवायच्या साधनावर कुणी निबंध लिहितं का? गुलमोहरावर लिहावं, पहिल्या पावसावर लिहावं. पण गुलमोहर आमच्या गल्लीत नाही, आणि पहिल्या पावसात आमचं छप्पर गळतं. चिमटा मात्र रोज समोर असतो.

तो दिसतो असा. भिंतीला स्क्रूनं बसवलेली चार बोटं रुंद लोखंडी पट्टी. तिला बिजागरी. बिजागरीवर फिरणारा हातभर लांबीचा दांडा आणि दांड्याला दोन सागवानी पट्ट्यांचा जबडा. जबड्याच्या आतून लोकरीचं जाड हिरवं कापड चिकटवलेलं, म्हणजे पँट घट्ट धरली जाते आणि तिच्यावर दातांचा वणही उठत नाही. स्प्रिंग दाबली की जबडा उघडतो, सोडली की मिटतो. काम झालं की दांडा बिजागरीवर फिरवायचा. तो भिंतीला पाठ लावून असा उभा राहतो, की अंधारात कुणाचं डोकं आपटायची भीती नाही. दहा बाय बाराच्या खोलीत पाच माणसं झोपतात, तिथं अशा मिटणाऱ्या वस्तूची किंमत कळते. ज्यांच्या घरी कपड्यांना स्वतंत्र कपाट असतं, त्यांना ती कळणार नाही.

आई ज्या बंगल्यात धुणीभांडी करते तिथल्या जुन्या सामानाची एकदा झाडाझडती झाली. त्यात हा भंगाराच्या ढिगावर पडला होता. आईनं तो काय आहे हे न कळताच मागून घेतला, कारण लाकूड चांगलं होतं. घरी आणल्यावर आज्जीनं त्याला उलटासुलटा करून पाहिलं आणि "उंदराचा सापळा हाय गं," असा निकाल दिला. आप्पांनी मात्र तो ओळखला. ज्या कचेरीच्या दारात ते रखवालीला उभे असतात तिथल्या साहेबांच्या खोलीत त्यांनी तसाच एक पाहिला होता. आमच्या भिंतीत लाकडी तुकडे ठोकून त्यांनी चार स्क्रू पिळले. घरमालक नाराज झाले. भाड्याच्या भिंतीला भोक पाडायचं म्हणजे परवानगी हवी. आप्पांनी हात जोडले, पण चिमटा काढला नाही.

त्याच्याआधी आमच्याकडे खुंटी होती. खुंटी ही खेड्यातली मोठी गुणी वस्तू. तिच्यावर पागोटं राहतं, कंदील राहतो, बैलाची घुंगुरमाळ राहते. पण पँट हे काही खुंटीचं माप नव्हे. पट्ट्याच्या एका फासावर पँट अडकवली की सगळं वजन त्या एका जागी येतं, कंबर वाकडी होते, पाय पिळवटतात आणि सकाळी ती अंगात घातली तर माणूस रात्रभर एस. टी. च्या टपावर झोपून आल्यासारखा दिसतो. तारेच्या हँगरवर मधोमध दुमडून टाकावी तर गुडघ्यापाशी आडवी घडी पडते. चिमटा पँटला उलटी टांगतो – पायांची टोकं वर, कंबर खाली. पट्टा, खिसे, बटण, चेन, दुहेरी शिवण असं पँटचं सगळं जड सामान कंबरेकडेच असतं. ते खाली लोंबतं आणि आपल्या वजनानं वरचं कापड ताणून धरतं. रात्रभर इस्त्रीवाचून पँट सरळ होत राहते. गुरुत्वाकर्षणाला वीजबिल येत नाही.

इस्त्रीचंही आमच्या घरात एक जुनं प्रकरण आहे. आप्पा लहान असताना गावी आज्जी पितळी तांब्यात निखारे भरायची, तांब्याची बूड ओल्या फडक्यानं पुसायची आणि सांडशीनं धरून शाळेच्या सदऱ्यावरून फिरवायची. मग सदरा घडी करून गोधडीखाली. वर माणूस झोपलं की झाली रात्रपाळीची इस्त्री. शहरात आल्यावर गोधडीची गादी झाली, एवढाच फरक. शास्त्र शाखेतली माझी एक मैत्रीण सांगते की यात अडाणीपणा काही नाही. सुती धाग्यातले रेणू एकमेकांना धरून असतात. ओलाव्यानं ती पकड सैल होते, आणि उष्णतेनं पाणी उडालं की रेणू ज्या घडीत असतील तिथंच पुन्हा हात धरतात. टेरिलीनची गोष्ट वेगळी. १९४१ साली इंग्लंडात व्हिनफिल्ड आणि डिक्सन या दोघांनी तो धागा शोधला. तो उष्णतेनं मऊ पडतो आणि गार होताना जी घडी असेल ती लक्षात ठेवतो. टेरिकॉट म्हणजे या दोघांचा संसार. आप्पांच्या गणवेशाची पँट त्याच कापडाची आहे, म्हणून तर तिची कड आठवडाभर टिकते.

आप्पा सातवीपर्यंत शिकले. जतच्या दुष्काळी पट्ट्यातून आधी ऊसतोडीला आणि मग रखवालीला आले. एजन्सीनं दोन गणवेश दिले आणि त्यांचे पैसे पगारातून कापून घेतले. बारा तासांची ड्यूटी संपवून घरी आल्यावर चहाच्या आधी ते पँट काढून, पायाच्या शिवणी जुळवून, चिमट्यात देतात. त्यांचा तो सोपस्कार पाहून मी एकदा विचारलं, "आप्पा, दारात उभं राहायचं तर एवढी कडक क्रीज कशाला लागते?" ते म्हणाले, "माझं शिक्षण काय कुणाला दावायचं? पण पँटीची कड दावता येती."

मी इतिहास हा दुय्यम विषय घेतला आहे. त्या वाक्यानंतर मला आमच्या अभ्यासातल्या दोन तारखा शेजारी शेजारी दिसू लागल्या. २२ सप्टेंबर १९२१ रोजी मदुराईत महात्मा गांधींनी अंगावरचा पोशाख उतरवून पंचा नेसला. देशातल्या गरिबाच्या अंगावर जेवढं आहे तेवढंच आपल्या अंगावर असावं म्हणून. आणि डिसेंबर १९२७ मध्ये महाडच्या परिषदेच्या वेळी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी जमलेल्या स्त्रियांना सांगितलं की, कापड फाटकं असलं तरी स्वच्छ असू द्या, आणि ज्या नेसण्यावरून, ज्या दागिन्यांवरून तुमची जात ओळखली जाते ते टाकून द्या. बायांनी ते ऐकलं, आणि लुगडं पायघोळ नेसून त्या परतल्या. बाबासाहेबांचे स्वतःचे कपडे नागपूरजवळ चिचोलीच्या संग्रहालयात जपून ठेवलेले आहेत. एकानं कपडे उतरवून जे सांगितलं तेही मोठंच. पण ज्यांच्या अंगावरून आधीच सगळं उतरवलेलं होतं त्यांना कपडे घालण्यातूनच काही सांगायचं होतं. आप्पांची कड मला या दुसऱ्या रांगेतली वाटते. त्यांना यातलं काही सांगितलं तर ते हसतील आणि म्हणतील, "एवढं कुटं? साहेब बोलत्यात म्हणून."

गेल्या वर्षी मी एन. सी. सी. त नाव घातलं आणि चिमट्याची खरी परीक्षा सुरू झाली.

एन. सी. सी. चा कायदा १९४८ चा आणि मुलींचा विभाग सुरू झाला १९४९ साली. म्हणजे मुलींनी खाकी घालणं ही देशाला काही काल-परवाची गोष्ट नव्हे. आमच्या घराला मात्र ती अगदी कालची होती. आज्जीनं नऊवारी नेसली, आईनं सहावारी, मी सलवार-कमीज. पँट घालणारी आमच्या घराण्यातली मी पहिली बाई. 'खाक' म्हणजे माती, धूळ. पेशावरला १८४६ साली उभारलेल्या 'कॉर्प्स ऑफ गाइड्स' या पलटणीनं तो मातकट रंग फौजेत आणला, असं आम्हांला सांगितलं गेलं. मला आप्पांचे ऊसतोडीच्या फडातले कपडे आठवले. तेही त्याच रंगाचे असायचे. फक्त त्यांना तो कुणी दिलेला नव्हता, तो चढलेला होता.

परेडला पँटची कड चाकूसारखी लागते. पण ती ठेवायची कुठं? आमच्या घरात कपड्यांची एक अलिखित व्यवस्था आहे. पुरुषांचे कपडे भिंतीवर, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसतील असे. बायकांचे दाराआडच्या दोरीवर, आणि त्यांतलेही काही दुसऱ्या कापडाखाली झाकून. उरलेले ट्रंकेत. ही व्यवस्था कुणी केली हे कुणी विचारत नाही. आमच्या गल्लीत सगळ्याच घरांत ती आहे. माझी खाकी पँट पहिले दोन आठवडे ट्रंकेत राहिली आणि दर परेडच्या सकाळी तिच्यावर ट्रंकेच्या झाकणाची घडी उमटलेली असे.

त्याच सुमारास मामा आले होते. एक स्थळ घेऊन. मुलगा बरा होता, शेती होती. दुसरं वर्ष झालं की पुरे, असं त्यांचं मत. "आन् ह्ये सोजिराचं सोंग आधी बंद करा. बघायला आलेली माणसं काय म्हनतील?" आज्जीनं मान डोलावली. आई चुलीकडे तोंड करून बसली होती, ती तशीच बसली. आप्पा ड्यूटीवरून नुकते आले होते. त्यांनी पँट काढली, शिवणी जुळवल्या आणि चिमटा उघडला. मग माझ्याकडे न पाहता म्हणाले, "तुझी कुटं हाय? आन हिकडं."

मी ट्रंकेतून माझी पँट काढून दिली. त्यांनी ती झटकली, तिच्याही शिवणी जुळवल्या, आपल्या पँटवर ठेवली आणि दोन्ही एकाच जबड्यात दिल्या. आज्जी म्हणाली, "आरं, बापय मानसाच्या कापडाला बाईमानसाचं कापड?" आप्पा म्हणाले, "कापड न्हाई आई. दोन्हीबी ड्रेस हायती. एक माजा, एक तिचा." मामा चहा घेऊन गेले. तिसऱ्या वर्षाचं काय, हे त्या दिवशी कुणी बोललं नाही. बोलायचं काही उरलं नव्हतं असं मला वाटतं. दिवाळीनंतरच्या दहा दिवसांच्या शिबिराला आप्पांनी संमतिपत्रावर सही केली. सही करताना ते पूर्ण नाव लिहितात, एकेक अक्षर सुटं करून.

चिमट्याला या सगळ्याचं काही नाही. त्याला पँट बापाची की लेकीची हे कळत नाही. कापड किती जाड, एवढंच कळतं. दोन पँटांचं ओझं आल्यापासून त्याची बिजागरी थोडी कुरकुरते. आईनं तिला खोबरेल तेलाचं बोट लावलं. त्या वेळी माझ्या एक लक्षात आलं. त्या चिमट्यात आईचं काहीच नाही. तो तिनं आणला, तिच्यामुळे आला; ती रोज त्याच्यावरची धूळ पुसते. पण सहावारी लुगडं काही चिमट्यात अडकवता येत नाही, आणि घडी घालून ठेवावं असं तिच्याकडे एकच आहे. ते ट्रंकेच्या तळाशी आहे. काम झालं की मिटून भिंतीशी उभं राहायचं, कुणाच्या वाटेत यायचं नाही – चिमट्याची ही युक्ती मी वर मोठ्या कौतुकानं सांगितली. तीच युक्ती माणसाला जन्मभर करावी लागली तर तिला कौतुक म्हणवत नाही.

पुढच्या वर्षी मला 'सी' प्रमाणपत्राची परीक्षा द्यायची आहे. पुढे पोलीस भरतीचाही विचार आहे. त्यात उंची, धावणं, गोळाफेक सगळं मोजतात, आणि त्यासाठी मी पहाटे धावते. पहिल्या पगारातून आईसाठी एक कपाट घ्यायचं मी ठरवलं आहे. लोखंडी, आरशाचं, तिच्या एकटीच्या नावाचं. तिला सांगितलं तर म्हणाली, "एवढ्याशा खोलीत ते ठेवशील कुठं?"

तिचं बरोबर आहे. तेवढी जागा आज नाही. घरमालकांनी खोली सोडायला सांगितलंच तर चार स्क्रू काढायला लागतील म्हणून आप्पांनी पेचकस देव्हाऱ्यामागे जपून ठेवला आहे. मी त्यांना म्हटलं आहे, नव्या घरी भिंत निवडताना आधी कपाटाची जागा बघू. चिमटा काय, तो कुठंही मावतो.

– एक विद्यार्थिनी, द्वितीय वर्ष कला