बर्फावरचं मैदान

आमचं घर बेळगावात आनंदवाडीच्या आखाड्यापासून हाकेच्या अंतरावर. कुस्त्यांचं मैदान असलं की दुपारपासून हलगी वाजू लागायची. बाबा धाकट्या भावाला खांद्यावर घेऊन निघायचे आणि मी गच्चीवर जायची. गच्चीवरून आखाडा दिसत नसे, पण आवाज यायचा. हलगीचा ठेका वाढला की समजायचं, मोठी जोड लागली. मग काही वेळ सगळं शांत, आणि मग एकदम गर्जना. त्या गर्जनेवरून निकाल ओळखायचा, हा माझा खेळ. कुस्ती चितपट झाली की आवाज वेगळा आणि बरोबरीत सोडवली की वेगळा. दहा वर्षांची असताना एकदा हट्ट धरला, "मलाही न्या." बाबा म्हणाले, "बायकामाणसांचं काय काम तिथं?" ते रागावून बोलले नव्हते. सगळ्यांना ठाऊक असलेली गोष्ट सांगावी तसं त्यांनी सांगितलं. मीही पुन्हा विचारलं नाही.

पुढे शिकले, कॉलेजात शिकवू लागले. विद्यार्थ्यांच्या क्रीडा महोत्सवात बक्षीस समारंभाचं सूत्रसंचालन दरवर्षी माझ्याकडे. पण प्रेक्षक म्हणून मैदानात जाऊन बसणं चाळिशी येईपर्यंत घडलं नाही. घडलं ते थेट जर्मनीत, बर्फात, २०१९ सालच्या १ जानेवारीला.

भाऊ नोकरीनिमित्त म्युनिकला असतो. नाताळच्या सुट्टीला आणखी थोडी रजा जोडून मी त्याच्याकडे गेले होते. वर्षअखेरीला तो म्हणाला, "अक्का, एक तारखेला मैदानाला जायचंय. तिकिटं काढलीत." मला वाटलं चेष्टा करतोय. पण चेष्टा नव्हती. बव्हेरियाच्या दक्षिण टोकाला, आल्प्सच्या पायथ्याशी गार्मिश-पार्टेनकिर्शेन नावाचं गाव आहे. तिथे दर वर्षी पहिल्या तारखेला 'स्की जंपिंग' म्हणजे स्कीवरून उडी मारण्याची स्पर्धा होते. पायात लांब स्की बांधून उंच उतारावरून घसरत यायचं आणि टोकावरून हवेत झेप घ्यायची. जर्मनी-ऑस्ट्रियातली चार गावं मिळून ही मालिका भरवतात: ओबर्स्टडॉर्फ, गार्मिश, इन्सब्रुक आणि बिशॉफ्सहोफेन. १९५३ पासून ती चालू आहे. चारही ठिकाणचे गुण मिळवून विजेता ठरतो. आपल्याकडे दिवाळीच्या पहाटे जसं उटणं, तसं तिकडच्या कितीतरी घरांत नव्या वर्षाच्या दुपारी दूरदर्शनवर ही स्पर्धा असते.

म्युनिकहून गाडीने साधारण दीड तास लागतो. डबा झेंड्यांनी आणि गायीच्या गळ्यातल्या घंटांनी भरलेला. होय, खऱ्याखुऱ्या घंटा! प्रोत्साहन द्यायला त्या वाजवतात. जर्मनीचे झेंडे होतेच, शिवाय पोलंडचे लाल-पांढरे, ऑस्ट्रियाचे, स्लोव्हेनियाचे. एरवी गाडीत एकमेकांशी अवाक्षर न बोलणारी ही माणसं त्या दिवशी डबे उघडून शेजाऱ्याला देत होती. मग मीही पिशवीतला कुंदा काढला. थंडीने त्याची वीट झाली होती. दातांनी तोडून खावा लागला, पण संपला.

गावाच्या जोडनावाचीही एक कथा आहे. गार्मिश आणि पार्टेनकिर्शेन ही मुळात दोन वेगळी गावं. १९३६ चं हिवाळी ऑलिंपिक इथे भरायचं ठरलं आणि त्याच्या आदल्या वर्षी नाझी सरकारने दडपण आणून दोघांचं एक गाव केलं. ऑलिंपिक झालं, सरकार गेलं, पण मधली जोडरेघ राहिली. भावाने हे सांगितलं तेव्हा आम्ही दोघंही जरा गप्प झालो. कागदावर गावं जोडणं आणि तोडणं म्हणजे काय, हे सीमाभागातल्या माणसाला वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

स्टेशनपासून मैदान चालत जाण्यासारखं. डोंगराच्या कुशीत उडीचा उतार आणि पायथ्याशी त्या १९३६ च्या ऑलिंपिकचं स्टेडियम. जुना उतार २००७ मध्ये सुरुंग लावून पाडला आणि त्याच जागी आताचा पोलादी उतार बांधला. खालून मान वर करून पाहिलं तर टोकाशी एक आडवी दांडी दिसते. खेळाडू त्या दांडीवर बसून आपल्या पाळीची वाट पाहतो. ते पाहूनच माझ्या पोटात गोळा आला.

आमची तिकिटं उभ्याने पाहायची होती. अंगात तीन थर, वर वहिनीचा जाड कोट, पण पायात बेळगावहून नेलेले चामड्याचे बूट! अर्ध्या तासात बोटं बधिर झाली. शेजारी लाल टोपीतल्या एक आजी होत्या, सत्तरीच्या पुढच्या. माझी चुळबुळ पाहून त्यांनी पिशवीतून जाड पुठ्ठ्याचा तुकडा काढून माझ्या पायाखाली सरकवला. बर्फ आणि तळवा यांच्यामध्ये एवढा पुठ्ठा आला तरी किती फरक पडतो, ते मला तेव्हा कळलं. पुढचे दोन तास त्याच माझ्या गुरू झाल्या. भाषांतराला बारा वर्षांची भाची होती.

पहिली गोष्ट आजींनी समजावली ती जोडीची. इतर ठिकाणी सगळे आपापली उडी मारतात, या मालिकेत मात्र पहिल्या फेरीत पन्नास खेळाडूंच्या पंचवीस जोड्या लावतात. जोडीतला जिंकणारा पुढे जातो. हरलेल्यांपैकी सर्वांत चांगले गुण असलेले पाच जणही पुढे जातात, म्हणजे दुसऱ्या फेरीला तीस. मी भावाकडे पाहिलं, तो हसला. जोड लावणे! एवढ्या लांब येऊन हाच शब्द भेटावा?

दुसरी गोष्ट गुणांची. या उतारावर १२५ मीटरवर एक खूण धरलेली आहे. तिथे उतरलं की ६० गुण, आणि पुढच्या प्रत्येक मीटरला १.८ गुण जास्त. खुणेच्या अलीकडे उतरलं तर त्याच हिशेबाने कमी. शिवाय पाच परीक्षक उडीच्या डौलाला प्रत्येकी वीसपैकी गुण देतात. त्यांतले सर्वांत जास्त आणि सर्वांत कमी सोडून उरलेल्या तिघांचे धरतात. उतरताना एक पाय पुढे, एक मागे, गुडघे वाकलेले आणि हात पसरलेले असले पाहिजेत. वाऱ्याचाही हिशेब आहे. समोरून येणारा वारा पंखाखाली आल्यासारखा उचलून धरतो, म्हणून त्याचे गुण कापतात. पाठीमागून आला तर तो दाबतो, म्हणून भर घालतात. मी परीक्षेच्या पेपरांवर आयुष्य घालवलेली बाई. वाऱ्याचे गुण वेगळे धरणारा परीक्षक मला फार आवडला. आमच्याकडे काही मुलं पाठीवर वारा झेलत परीक्षेला येतात आणि काहींना तो समोरून उचलून धरतो. आम्ही मात्र दोघांनाही एकच उतार समजून तपासतो.

दोन वाजता स्पर्धा सुरू झाली. हिरवा दिवा लागला, बाजूच्या मनोऱ्यावरून प्रशिक्षकाने झेंडा खाली केला आणि पहिला मुलगा निघाला. ताशी नव्वद किलोमीटरच्या आसपास वेग, मग टोकावरून झेप. दूरदर्शनवर हे 'उडणं' वाटतं. प्रत्यक्षात अंग स्कीवर झोकून दिलेला माणूस हवेवर आडवा पडलेला दिसतो. हवा कापल्याचा आवाजसुद्धा ऐकू येतो. आणि खाली हजारो लोक एकाच वेळी ओरडतात, "त्सीऽऽऽ!" म्हणजे खेच, ओढ, आणखी लांब. पाय जमिनीला लागेपर्यंत तो स्वर सुटत नाही.

तो आवाज ऐकला आणि मला आमची गच्ची आठवली. हा आवाज माझ्या ओळखीचा होता. फक्त तो नेहमी लांबून, दोन-चार घरांवरून यायचा. आज मी त्याच्या मधोमध उभी होते, आणि तोंड मिटून उभी होते. दहा-बारा उड्या झाल्यावर आजींनी कोपराने ढोसलं आणि काहीतरी म्हणाल्या. भाचीने सांगितलं, "आत्या, त्या म्हणताहेत, तुम्ही नाही ओरडलात तर तो खाली पडेल."

मग मी ओरडले. आधी हळू, मग घसा बसेपर्यंत.

भाचीने मध्येच आजींना विचारलं, "मुली कधी उडी मारणार?" आजी म्हणाल्या, "मुली घरी बसून हे बघताहेत." आजी हसल्या, पण भाची हसली नाही. माहिती काढली तेव्हा कळलं की पुरुषांची स्की जंपिंग १९२४ च्या पहिल्या हिवाळी ऑलिंपिकपासून आहे आणि स्त्रियांची आली ती २०१४ ला, सोचीत. मध्ये नव्वद वर्षं. ते पहिलं सुवर्ण कारिना फोग्ट या जर्मन मुलीनेच जिंकलं. या चार गावांच्या मालिकेत मात्र २०१९ मध्ये मुलींना जागा नव्हती. आपल्याकडचंही एक नाव भाचीला सांगितलं. आदल्याच वर्षी, जानेवारी २०१८ मध्ये, मनालीच्या आंचल ठाकूरने तुर्कस्तानात स्कीइंगचं कांस्यपदक मिळवलं होतं. भारताचं त्या खेळातलं ते पहिलं आंतरराष्ट्रीय पदक. भाचीने ते लगेच आजींना जर्मनमध्ये ऐकवलं, जरा तोऱ्यातच.

त्या दिवशी सगळं मैदान एका माणसासाठी जीव टाकत होतं. बव्हेरियाच्याच झीग्सडॉर्फचा मार्कुस आयझनबिखलर. जर्मनीने ही मालिका शेवटची जिंकली होती २००२ मध्ये. तेव्हा स्वेन हानावाल्डने चारही ठिकाणी पहिला येण्याचा पराक्रम प्रथमच केला होता. त्यानंतर सतरा वर्षं वाट पाहणं चाललं होतं. दोनच दिवसांपूर्वी ओबर्स्टडॉर्फला आयझनबिखलरचा विजय अवघ्या ०.४ गुणांनी हुकला होता. पुढे होता जपानचा बावीस वर्षांचा र्‍योयू कोबायाशी.

दुसरी फेरी संपली. फलकावर आकडे आले. कोबायाशी पहिला, आयझनबिखलर दुसरा, पोलंडचा डाविड कुबात्स्की तिसरा. पहिल्या दोघांत अंतर १.९ गुणांचं. दोन्ही ठिकाणचं मिळून २.३. मी मनात हिशेब केला, चार उड्यांत मिळून सव्वा मीटरच्या आसपास! आमच्या स्वयंपाकघरातला ओटा याहून लांब आहे.

क्षणभर मैदान गप्प झालं. हा आवाजही माझ्या ओळखीचा होता, आपला पैलवान पडल्यावरचा. गच्चीवर या शांततेनंतर हलगी थांबायची आणि मी खाली यायची. इथे मात्र आजींनी हातमोजे काढले आणि उघड्या हातांनी टाळ्या वाजवायला लागल्या, त्या जपानी मुलासाठी. "हातमोज्यांतून आवाज येत नाही," त्या म्हणाल्या. मग घंटा वाजल्या, मग सगळं मैदान. मीही मोजे काढले.

कोबायाशीने पुढची दोन्ही ठिकाणंही जिंकली. चारही जिंकणारा हानावाल्ड आणि पोलंडचा कामिल स्टोख यांच्यानंतरचा तो तिसराच. २०२२ आणि २०२४ मध्ये त्याने ही मालिका आणखी दोनदा जिंकली. मुलींसाठी २०२३ च्या डिसेंबरअखेर गार्मिश आणि ओबर्स्टडॉर्फ अशी दोन ठिकाणांची मालिका सुरू झाली. भाचीने त्या दिवशी मला फोन केला. तिला आजींची आठवण आली होती.

त्या संध्याकाळी गाडीत बसल्यावर घरी फोन लावला. बेळगावात रात्रीचे साडेनऊ वाजून गेले होते. बाबा जागे होते. भावाने थोडक्यात सांगून फोन माझ्याकडे दिला. जोड लावतात म्हटल्यावर बाबांचे कान टवकारले. हरलेल्यांतले पाच पुढे घेतात हे काही त्यांना पटलं नाही. "पडला तो पडला. परत कसा उठतो?" म्हणाले. मग विचारलं, "तुझा आवाज का बसलाय गे? थंडी बाधली काय?"

"ओरडले," मी म्हणाले.

पलीकडे थोडा वेळ काही बोलणं नाही. मग म्हणाले, "आल्याचा रस घे," आणि फोन ठेवला.

मी परत आल्यानंतर आनंदवाडीत मैदान होतं. बाबा तेव्हा चौऱ्याहत्तर वर्षांचे. सकाळी चहा घेताना पेपरातून डोकं वर न काढता म्हणाले, "माझे गुडघे दुखतात. सोबतीला कुणीतरी पाहिजे. तुला तीननंतर तास नसले तर बघ." गेली दोन वर्षं ते शेजारच्या मुलाबरोबर जात होते आणि तो मुलगा त्या दिवशीही घरीच होता, हे मला ठाऊक होतं. त्यांनाही ठाऊक होतं. मी काही बोलले नाही. पायात चपला घातल्या.

आखाड्याच्या कडेला बाबा मला डाव समजावत बसले. कुठला पट, कुठली ढाक, पैलवान खेळतोय की नुसता वेळ काढतोय. आमच्या मागे दोन-तीन मुलीही होत्या, आपल्या भावाची कुस्ती बघायला आलेल्या. मोठी जोड लागली तसा हलगीचा ठेका वाढला. मी आमच्या घराच्या दिशेला मान वळवून पाहिलं. तिथून आमची गच्ची दिसत नव्हती.