एकदाचा रिसीव्हर आला!

ग्रीन बे हे विस्कॉन्सिनमधलं जेमतेम लाखभर वस्तीचं गाव. २०२५च्या एप्रिलअखेरीस तीन दिवसांत मिळून तिथे सहा लाखांची गर्दी मोजली गेली, आणि त्या तीन दिवसांत एकही सामना झाला नाही. कुणी चेंडू फेकला नाही, कुणी कुणाला लोळवलं नाही. माणसं मंचावर येत होती, हातातल्या कार्डावरचं एक नाव वाचत होती, आणि समोरचे लोक गळ्याच्या शिरा ताणून ओरडत होते. अमेरिकन फुटबॉलचा ड्राफ्ट म्हणजे एवढंच. आयपीएलसारखी पैशांची बोली इथे लागत नाही, इथे पाळी लागते. आदल्या हंगामात जो संघ तळाला राहिला त्याची पाळी आधी, विजेत्याची शेवटी. अशा सात फेऱ्यांत कॉलेजातून बाहेर पडलेली पोरं ३२ संघांमध्ये वाटली जातात.

२४ एप्रिलच्या रात्री तेविसावी पाळी ग्रीन बे पॅकर्सची होती. त्याच उन्हाळ्यात निवृत्त होणारे क्लबचे अध्यक्ष मार्क मर्फी स्वतः मंचावर आले आणि त्यांनी नाव वाचलं: मॅथ्यू गोल्डन, वाइड रिसीव्हर, टेक्सास विद्यापीठ. लॅम्बो फील्डच्या दारात उसळलेला तो कल्लोळ मी मिलवॉकीला घरात बसून टीव्हीवर ऐकला. त्यात गोल्डनचा वाटा किती आणि 'वाइड रिसीव्हर' या दोन शब्दांचा किती, असं विचाराल तर मी म्हणेन, चार आणे आणि बारा आणे.

वाइड रिसीव्हर मैदानाच्या कडेला जवळजवळ एकटा उभा असतो. खेळ सुरू झाला की सुसाट सुटतो, अंगावर आलेल्या बचावपटूला हुलकावणी देतो आणि क्वार्टरबॅकने लांबून भिरकावलेला चेंडू पळता पळता मान वळवून झेलतो. मधल्या गर्दीतली ढकलाढकली नवख्याला कळत नाही. रिसीव्हरचा झेल मात्र कालच अमेरिकेत उतरलेल्या माणसालाही कळतो. मला तरी या खेळात सगळ्यात आधी तेवढंच कळलं होतं.

आता या रिसीव्हरचं दुखणं असं, की पॅकर्सनी पहिल्या फेरीत त्या जागेचा खेळाडू घेतला होता तो थेट २००२ साली. फ्लोरिडा स्टेटचा जॅव्हन वॉकर, विसावा क्रमांक. २००४च्या हंगामात त्याने १,३८२ यार्ड मिळवले, पुढच्या हंगामाच्या पहिल्याच सामन्यात त्याचा गुडघा गेला आणि २००६मध्ये तो डेन्व्हरला निघून गेला. तेव्हापासून दर एप्रिलला विस्कॉन्सिनभर एकच रड: या वर्षी तरी घेतील का? आरन रॉजर्ससारखा क्वार्टरबॅक पंधरा हंगाम चेंडू फेकत होता आणि त्याच्या दिमतीला पहिल्या फेरीतला एक रिसीव्हर क्लबने आणला नाही. २०२०मध्ये तर कहर झाला. महामारीमुळे लीगचे कमिशनर आपल्या घराच्या तळघरात बसून नावं वाचत होते. शेजारच्या मिनेसोटाने बाविसाव्या क्रमांकावर जस्टिन जेफर्सन हा रिसीव्हर उचलला. चारच पाळ्यांनी पॅकर्स, तेही वर सरकण्यासाठी किंमत मोजून, आले आणि त्यांनी घेतला क्वार्टरबॅक! जॉर्डन लव्ह. त्या आठवड्यात इथल्या चाहत्यांशी फोनवर बोलायचीसुद्धा सोय नव्हती.

खरं सांगायचं तर तक्रार पोकळ होती. ग्रेग जेनिंग्स, जॉर्डी नेल्सन, रँडल कॉब, डाव्हान्टे ॲडम्स हे सगळे दुसऱ्या फेरीतून आले आणि त्यांनी ढिगाने टचडाउन केले, म्हणजे चेंडू घेऊन शेवटची रेषा गाठली. डोनाल्ड ड्रायव्हर तर १९९९च्या सातव्या फेरीतला, २१३वा. पोटभर जेवण होतं, फक्त मानाचं पान मिळालं नव्हतं. पण मानापानाचं दुखणं पोट भरल्याने जात नाही, हे आपल्याला वेगळं सांगायला नको.

१९८८ साली अवस्था नेमकी उलटी होती. मान होता, जेवण नव्हतं. प्रशिक्षक व्हिन्स लॉम्बार्डींच्या काळातली अजिंक्यपदं भिंतीवर टांगलेली, आणि १९६७नंतरच्या वीस हंगामांत संघ बाद फेरीत पोहोचला होता तो दोनदाच. मी तेव्हा मिलवॉकीत शिकत होतो. पॅकर्स घरचे काही सामने आमच्या गावात, काउंटी स्टेडियमवर खेळत. ते मैदान मुळात बेसबॉलचं. त्यात फुटबॉलचं मैदान असं काही कोंबलेलं, की दोन्ही संघांना एकाच बाजूच्या रेषेवर उभं राहावं लागे. पुढे १९९४मध्ये ते सामने बंद झाले.

१९८८मध्ये ड्राफ्ट पहिल्यांदा रविवारी ठेवला होता. ईएसपीएन वाहिनी १९८०पासून तो दाखवत होती, पण विद्यार्थ्यांच्या खोलीत केबलचे पैसे कोण भरणार? सोमवारी सकाळी 'मिलवॉकी सेंटिनेल' उघडला तेव्हा कळलं. सातव्या क्रमांकावर स्टर्लिंग शार्प, वाइड रिसीव्हर, साउथ कॅरोलायना. उंची, वजन, कॉलेजमधले झेल. संपलं. विभागाच्या वर्कशॉपमधल्या वयस्क मशिनिस्टने ती बातमी कापून ड्रिल मशिनच्या वर चिकटवली. त्याच्या मनात दहा वर्षांपूर्वीचा जेम्स लॉफ्टन होता. स्टॅनफर्डचा हा लांब उडीवाला गडी १९७८मध्ये सहाव्या क्रमांकावर आला आणि नऊ हंगाम वाईट संघात राहून देखणं खेळला. आदल्याच वर्षी पॅकर्सनी त्याला रेडर्सकडे देऊन टाकलं होतं. मशिनिस्टचा हिशोब साधा होता: लॉफ्टन गेला, शार्प आला. बाकी सप्टेंबरात बघू.

आणि खरंच सप्टेंबरातच बघायचं असे. शार्पला पळताना आमच्यापैकी कुणीही पाहिलेलं नव्हतं. तरी जेवणाच्या टेबलावर त्याच्याविषयी बोलणं चाले, अगदी ठासून! कुणी म्हणे तो लॉफ्टनइतका वेगवान नाही पण दणकट आहे. हे त्याला कुठून कळलं असं कुणी विचारत नसे. माहिती नसली की मत मांडायला मोकळीक असते. उन्हाळाभर आम्ही एक शार्प आपापल्या डोक्यात घडवत होतो आणि तो कात्रणाचा कागद पिवळा पडत होता.

खरा शार्प मैदानात उतरला तेव्हा संघ १६पैकी १२ सामने हरला. त्याने ५५ झेल घेतले आणि टचडाउन केला एक. आज एवढ्यावर त्या पोराचं काय झालं असतं याची कल्पना करवत नाही. तेव्हा लोक म्हणाले, बरा आहे. पुढच्या हंगामात ९० झेल घेऊन तो लीगमध्ये पहिला आला. १९९२मध्ये १०८, तो लीगचा तोवरचा उच्चांक. १९९३मध्ये ११२, म्हणजे स्वतःचाच उच्चांक मोडला. १९९४च्या जानेवारीत डेट्रॉइटला बाद फेरीचा सामना होता. शेवटचं मिनिट सुरू झालेलं, पॅकर्स मागे. क्वार्टरबॅक ब्रेट फाव्हरने डावीकडे पळता पळता मैदानाच्या पार उजव्या टोकाला चेंडू फेकला आणि तिथे शार्प एकटा उभा होता. २८–२४. हा माणूस पत्रकारांशी बोलत नसे. त्याची मुलाखत नाही, मत नाही, चुटका नाही. वर्षानुवर्षं आम्ही त्याला केवळ त्याच्या पळण्यावरून ओळखत होतो. १९९४च्या हंगामात १८ टचडाउन झाले, शेवटच्या साखळी सामन्यात त्यांतले तीन, आणि मानेच्या दुखापतीने तिथेच कारकीर्द संपली. वय २९.

उलट गोल्डनचं नाव वाचलं जाण्याआधी त्याचं सगळं आयुष्य लोकांना पाठ होतं. मार्चच्या सुरुवातीला झालेल्या चाचणीत त्याने ४० यार्ड ४.२९ सेकंदांत काढले, त्या वर्षीच्या रिसीव्हरांमध्ये सर्वांत कमी वेळात. नववर्षाच्या दिवशी ॲरिझोना स्टेटविरुद्ध जादा वेळेत, चौथ्या आणि शेवटच्या संधीवर, १३ यार्ड हवे असताना त्याने २८ यार्डांचा टचडाउन झेलला होता. ती चित्रफीत आमच्या घरात इतक्यांदा लागली की शेजारच्या बाईंनाही ओळखीची झाली असेल. माझी मुलगी त्याच्या पळण्याच्या वाटा कागदावर काढून दाखवते. मी म्हटलं, "पोरगा वेगवान दिसतोय." ती म्हणाली, "बाबा, वेग सगळे बघतात. तू त्याचे पाय बघ, वळताना पावलं किती कमी टाकतो." मी पाय पाहिले. मला पायच दिसले.

तिच्या पिढीचे चाहते जानेवारीपासूनच काल्पनिक ड्राफ्ट मांडून बसतात. कोणता संघ कुणाला घेईल, कोण खाली घसरेल, कुणाच्या बदल्यात कोण. त्यामुळे नाव जाहीर होतं तेव्हा आश्चर्य फार थोडं उरतं. उरतं ते समाधान, आपलं म्हणणं शेवटी वरच्यांनी ऐकल्याचं. २४ एप्रिलच्या कल्लोळात मला तेच ऐकू आलं. ते लोक नव्या माणसाला भेटत नव्हते. तेवीस वर्षं टेबलावर पडून असलेल्या अर्जावर सही झाली होती.

यावरून आमचं अज्ञान फार सात्त्विक होतं असं मात्र मी म्हणणार नाही. शार्पच्या पुढच्याच वर्षी, १९८९मध्ये, पॅकर्सनी दुसऱ्या क्रमांकावर टोनी मँडरिच हा राक्षसी देहाचा लाइनमन घेतला. 'स्पोर्ट्स इलस्ट्रेटेड'च्या मुखपृष्ठावर त्याचे दंड झळकले होते आणि आम्ही सगळे त्या दंडांना भुललो. त्याच्यानंतरच्या तीन पाळ्यांत गेले बॅरी सँडर्स, डेरिक थॉमस आणि डिऑन सँडर्स. तिघेही पुढे हॉल ऑफ फेममध्ये पोहोचले. मँडरिच ग्रीन बेमध्ये काही करू शकला नाही. आमच्या हाताशी चित्रफिती असत्या तर आम्ही शहाणे झालो असतो का? मुलगी म्हणते हो. मला वाटतं, आम्ही दंडांचीच चित्रफीत पुन्हा पुन्हा लावली असती.

मला चुकल्यासारखं वाटतं ते एप्रिल ते सप्टेंबर या मोकळ्या काळाचं. त्या महिन्यांत खेळाडूला चाहत्यांपासून सुट्टी होती आणि चाहत्यांना खेळाडूपासून. आता मे महिन्यातल्या सरावात एक चेंडू हातून निसटला तरी संध्याकाळपर्यंत त्याची चिरफाड होते.

ग्रीन बेमध्ये एक गोष्ट मात्र तशीच आहे. जुलैअखेरीस सराव शिबिर सुरू झालं की गावातली मुलं आपापल्या सायकली घेऊन उभी राहतात आणि खेळाडू त्यांच्या सायकलींवर बसून सरावाच्या मैदानाकडे जातात. सव्वासहा फुटी गडी, गुडघे हँडलला आपटताहेत, मूल शेजारून त्याचं हेल्मेट धरून पळतंय. शार्पच्या वेळीही हेच होतं. जवळच जी बंदिस्त सरावाची इमारत आहे तिला डॉन हटसनचं नाव आहे. फार जुना, १९३५चा रिसीव्हर, ड्राफ्ट सुरू होण्याच्या आधीचा. त्याने म्हणे पॅकर्स आणि ब्रुकलिन अशा दोन्ही संघांचे करार सही करून पाठवले होते. मग ज्या पाकिटावरचा टपालाचा शिक्का सतरा मिनिटं आधीचा, त्याचा तो झाला. कुणी गजर केला नाही, कारण कुणाला माहीतच नव्हतं. ग्रीन बेमधल्या दुसऱ्याच सामन्यात, शिकागोविरुद्ध, पहिल्याच डावाला त्याने ८३ यार्डांचा टचडाउन केला आणि मग सगळ्यांना माहीत झालं. पुढच्या वर्षी, ८ फेब्रुवारी १९३६ला, फिलाडेल्फियाच्या एका हॉटेलात पहिला ड्राफ्ट झाला. त्यात सर्वांत आधी निवडलेला जे बर्वँगर व्यावसायिक फुटबॉल एकदाही खेळला नाही. फोम रबरच्या धंद्यात शिरला.

गोल्डन शिबिरात घाम गाळत होता त्याच ऑगस्टमध्ये शार्प कँटनला हॉल ऑफ फेममध्ये विराजमान झाला. धाकटा भाऊ शॅनन आधीच तिथे होता. खेळाडू म्हणून दोघे सख्खे भाऊ तिथे पोहोचण्याची ही पहिलीच वेळ. मानेने घेतलेली वर्षं परत मिळत नाहीत, पण उशिरा का होईना, झालं. वर्कशॉपमधला मशिनिस्ट आता नाही. असता तर म्हणाला असता, सप्टेंबरात बघू म्हटलं होतं ना!

आणि चाहते? गोल्डनसाठीचा कल्लोळ गुरुवारी रात्री झाला. शुक्रवारी तिसऱ्या फेरीत क्लबने सॅव्हियन विल्यम्स हा आणखी एक रिसीव्हर घेतला, आणि शनिवार मावळेपर्यंत नवी कुरकुर सुरू झाली होती: रिसीव्हर पुरे, कॉर्नरबॅक कुठे आहे? रिसीव्हरला अडवणारा तो बचावपटू घेतला थेट सातव्या फेरीत. मुलीने लगेच पुढच्या वर्षीच्या पहिल्या फेरीसाठी कॉर्नरबॅकांची यादी करायला घेतली. ऑगस्टच्या २८ तारखेला पॅकर्सनी डॅलसकडून मायका पार्सन्स हा बचावपटू आणला. त्याच्या बदल्यात आपला केनी क्लार्क दिला आणि २०२६ व २०२७ अशा दोन्ही वर्षांच्या पहिल्या फेरीतल्या पाळ्या देऊन टाकल्या. यादी अजून फ्रिजवर आहे. तिच्या डोक्यावरचं '२०२६' खोडून मुलीने '२०२८' केलंय.