वळ नाही, म्हणून काही नाही?

सुट्टीत भाचरं जमली की आमच्याकडे साडीचा झोका बांधला जातोच. त्याला पीळ देऊन गिरक्या घेणं हा पोरांचा लाडका खेळ, आणि तोच पीळ मानेला बसतो. मला खरी भीती वाटते ती नंतरच्या "काही नाही झालं, वळसुद्धा नाही" या वाक्याची. वळ नसला तरी आत इजा असू शकते. डोळ्यांत, पापण्यांवर, कानांमागे बारीक लाल ठिपके आहेत का बघा. आवाज बसलाय? गिळताना दुखतंय? लाळ गळतेय? मूल सुस्त वाटतंय? सूज काही तासांनीही वाढू शकते. म्हणून मूल हसत-खेळत असलं तरी लगेच डॉक्टरांना दाखवा. श्वास अडत असेल तर थेट १०८. आणि खुणा दिसताहेत, पण मोठ्यांनी सांगितलेलं कारण पटत नसेल, तर गप्प बसू नका. १०९८ त्यासाठीच आहे.