जाळ्याचे राखणदार

कांहीं माणसें अशीं असतात, कीं त्यांचें काम सुरळीत चाललें असतां तीं कोणाच्या दृष्टीस पडत नाहींत. तें घटकाभर अडलें, कीं साऱ्या गांवाचीं बोटें त्यांच्याकडे वळतात. पाण्याच्या टांकीवर चावी फिरविणारा मनुष्य या वर्गांतला. रेल्वेच्या फाटकावरचा रखवालदारहि त्यांतलाच. अलीकडे या वर्गांत नेटवर्क सांभाळणाऱ्या मंडळींची भर पडली आहे. आमच्या कॉलेजांत हें काम करणारा तरुण आमचाच जुना विद्यार्थी. जिन्याखालच्या खोलींत तो बसतो. कोणाचा पासवर्ड हरवतो, कोणाचा प्रिंटर रुसतो, आणि वरच्या मजल्यावर ‘नेट गेलें’ असा पुकारा झाला म्हणजे जिने चढणेंहि त्याच्याच वांट्यास येतें.

गेल्या पावसाळ्यांतील हकीकत. प्रयोगशाळेंतील एका संगणकांत कोणाच्या तरी पेन ड्राइव्हबरोबर व्हायरस शिरला, आणि तो संगणक दोन रात्री जगांतील हजारों अनोळखी लोकांना औषधांच्या आणि लॉटरीच्या जाहिराती धाडीत राहिला. दिवसां मात्र तो विद्यार्थ्यांपुढें अगदीं शहाण्यासारखा वागे! तिसऱ्या दिवशीं आमच्या कॉलेजचा इंटरनेटवरील पत्ता एका काळ्या यादींत जाऊन बसला. अशा याद्या ठेवण्याची प्रथा १९९७ च्या सुमारास पडली. उपद्रवी पत्त्यांची नोंद एके ठिकाणीं असावी, आणि ज्याला हवी त्यानें ती पाहून येणारीं पत्रें नाकारावीं, अशी ही सोय. सोय चांगली आहे, यांत वाद नाहीं. परंतु यादींत नांव येतें तें पत्त्याचें, अपराध्याचें नव्हे. आणि आमच्या त्या एका पत्त्यामागें चारशें संगणक राहतात.

“अरे, खोडी एकाची आणि शिक्षा साऱ्या आळीला, हा कोठला न्याय?” आम्हीं त्यास विचारलें.

“सर, बाहेरून पाहणाऱ्याला आपलें कॉलेज म्हणजे एकच दार दिसतें,” तो म्हणाला. “आंत बिऱ्हाडें किती, हें त्याला कसें कळावें?”

या चाळीच्या व्यवस्थेसहि कारण आहे. जुन्या पद्धतीचे इंटरनेटचे पत्ते एकंदर ४,२९,४९,६७,२९६. ही संख्या ठरविली तेव्हां ती अफाट वाटली असेल. पण त्यांचा मध्यवर्ती सांठा ३ फेब्रुवारी २०११ रोजीं वाटून संपला. तेव्हांपासून गरीब संस्थांनीं एका पत्त्यांत दाटीवाटीनें राहावें, हाच रिवाज बळावला. नव्या पद्धतीचे पत्ते मुबलक आहेत, परंतु जुन्यांवांचून अजून कोणाचें भागत नाहीं.

असो. आमच्या पत्रांपैकीं कांहीं नाकारलीं गेलीं व परत आलीं; तीं भाग्यवान् म्हणावयाचीं. कित्येक ठिकाणीं पत्र घेतलें गेलें आणि निमूटपणें कचऱ्याच्या फोल्डरमध्यें टाकलें गेलें. एका एस्.टी. कंडक्टरच्या मुलीसाठीं परदेशांतील एका विद्यापीठास आम्हीं पाठविलेलें शिफारसपत्र या दुसऱ्या गतीस गेलें. आमच्या पडद्यावर ‘पाठविलें’ अशी नोंद स्वच्छ होती. बारा दिवसांनीं तिनें फोन करून चौकशी केली, तेव्हां तेथील कारकुनानें तें उकरून काढलें. प्रवेश मिळाला, परंतु शिष्यवृत्तीची मुदत टळून गेली होती, आणि शिष्यवृत्तीवांचून त्या प्रवेशाचें ती काय करणार? सांप्रत ती तालुक्याच्या गांवीं एका शाळेंत शिकविते.

इकडे आमचा राखणदार चार रात्री घरीं गेला नाहीं. चारशें संगणकांतून तो एक हुडकून काढला. यंत्रें एकमेकांस टपाल देतात तें पंचविसाव्या क्रमांकाच्या दारानें. तें दार त्यानें टपालाच्या एका यंत्राखेरीज सर्वांस बंद केलें. मग यादी ठेवणारांस अर्ज केले. उत्तरें आलीं तीं यंत्राचीं. यंत्रानें दिलेल्या शिक्षेविरुद्ध यंत्राकडेच दाद मागावयाची, यांतील विनोद त्या बिचाऱ्यास त्या वेळीं कसा दिसावा!

या साऱ्या दुखण्याचें मूळ मात्र दुष्टपणांत नसून सौजन्यांत आहे, असें आम्हांस वाटतें. ई-मेल एका यंत्रानें दुसऱ्यास कसें द्यावें, याचे नियम जॉन पोस्टेल यांनीं १९८२ सालीं लिहून काढले. त्या काळीं जाळ्यावरील यंत्रें शेंकड्यांनीं मोजण्याजोगीं होतीं, व बहुतेक मंडळी विद्यापीठांतील आणि संशोधनसंस्थांतील. पाठविणारानें आपलें नांव सांगावें, एवढेंच नियमांत होतें. तें त्याचेंच आहे कीं काय, हें पाहण्याची तजवीज नव्हती. आपण देतांना काटेकोर असावें आणि दुसऱ्याचें घेतांना उदार असावें, असें पोस्टेल यांचें एक तत्त्व प्रसिद्धच आहे. वस्तुतः इशारा आधींच मिळाला होता: ३ मे १९७८ रोजीं अमेरिकेंतील एका संगणक विकणाऱ्या गृहस्थानें जाळ्यावरील सुमारें चारशें लोकांस न मागतां जाहिरात धाडली होती. लोक रागावले, त्यास समज मिळाली, आणि प्रकरण मिटलें असें सर्वांस वाटलें!

हाच भोळेपणा पत्रांप्रमाणें वाटांच्या बाबतींतहि आहे. इंटरनेट हें हजारों स्वतंत्र जाळ्यांचें जाळें. अमुक पत्त्यांकडे जाण्याची वाट आमच्यांतून आहे, असें प्रत्येक जण शेजाऱ्यास सांगतो आणि शेजारी तें पुढें सांगतो. त्यांतहि अधिक नेमका पत्ता सांगणारावर अधिक विश्वास, असा नियम. २४ फेब्रुवारी २००८ रोजीं पाकिस्तानच्या सरकारच्या हुकुमावरून तेथील टेलिकॉम कंपनीनें यूट्यूबकडे जाणारी वाट देशापुरती आंधळी केली. ती नेमकी खोटी वाट शेजाऱ्याच्या कानीं गेली, त्यानें ती जगास सांगितली, आणि सुमारें दोन तास जगांतील पुष्कळ ठिकाणची रहदारी त्या खड्ड्यांत जाऊन पडली. आतां वाटांच्या दाखल्यांवरहि सह्या घेतात. पण त्या सर्वांनीं तपासल्या, तरच त्यांचा उपयोग.

वाट खरी असली तरी ती जमिनींतून किंवा समुद्रांतून जाणार, हें तर कोणाच्याच हातचें नाहीं. ३० जानेवारी २००८ रोजीं इजिप्तमधील अलेक्झांड्रियाजवळ समुद्रांतील दोन केबली एकाच दिवशीं तुटल्या, आणि हिंदुस्थानचा बाहेरच्या जगाशीं असलेला व्यवहार एकाएकीं मंदावला. आमच्याकडे तेंच नाटक गावठी प्रमाणावर झालें. कॉलेजनें दोन निरनिराळ्या कंपन्यांकडून दोन लाइनी घेतल्या होत्या; रस्ता रुंद करतांना खोदकामाच्या यंत्रानें एका घांवांत दोन्ही तोडल्या. दोन्ही एकाच चरांतून येत होत्या!

काळ्या यादींतून आमची सुटका अकराव्या दिवशीं झाली. पाठविणारा खरा तोच आहे, हें पटविणाऱ्या सह्या आणि दाखले आमच्या पत्रांवर आतां असतात. मोठ्या प्रमाणावर पत्रें पाठविणारांस गूगल व याहू यांनीं फेब्रुवारी २०२४ पासून ते सक्तीचेच केले. सक्तीबद्दल आमची तक्रार नाहीं. परंतु हें सारें सांभाळण्यास मनुष्यबळ लागतें, आणि ज्या लहान संस्थांपाशीं तें नाहीं, त्या एकामागून एक आपलें टपाल बड्या कंपन्यांच्या स्वाधीन करीत आहेत. आमच्या कॉलेजांतहि तशी सूचना आली आहे. ज्यांच्या दारांत आमचें पत्र ओळख पटेना म्हणून अडलें, त्यांच्याच घरीं बिऱ्हाड केल्यानें ओळखीचा प्रश्न सुटेल, हें खरें. पण या युक्तिवादाचें आम्हांस समाधान वाटत नाहीं.

दरम्यान, दुसरी लाइन निराळ्या रस्त्यानें आणावी, असा आमच्या राखणदाराचा अर्ज गेल्या महिन्यांत खरेदी-समितीपुढें आला. दोन लाइनी चालू असतां हा खर्च कशाकरितां, असें एका सभासदांनीं विचारलें. त्यानें कागदावर एक चर काढला, त्यांत दोन रेघा ओढल्या, आणि पेन्सिलीनें त्या एका फटक्यांत खोडल्या. अर्ज पुढील सभेवर गेला आहे. त्यावर आम्हीं आपली अनुकूल सही केली आहे, आणि समासांत त्या मुलीच्या पत्राची तारीखहि लिहिली आहे.