'बट' गाळल्यावर

तर्कशास्त्राच्या प्राथमिक पुस्तकांत एक ठरलेला स्वाध्याय असतो: रोजच्या बोलण्यातली इंग्रजी वाक्ये चिन्हांत लिहा. साहित्याच्या वाटेने तिथे पोचलेल्या आम्हांला त्याचा आधी रागच आला. 'शी इज पुअर बट ऑनेस्ट' हे वाक्य घ्या. 'ती गरीब आहे' म्हणजे 'ग', 'ती प्रामाणिक आहे' म्हणजे 'प'. उत्तर 'ग ∧ प'. 'बट'ऐवजी 'अँड' असते तरी उत्तर हेच. ज्या शब्दावर वाक्याचा सारा तोल, तोच गाळायचा?

चिन्हे आंधळी असतात असे मात्र नाही. 'ही इज ॲट होम अनलेस ही इज इन द लायब्ररी' यातल्या 'अनलेस'साठी ती 'किंवा'चे चिन्ह देतात, तेव्हा विद्यार्थी बिचकतात. मराठीत हे कोडे पडत नाही. 'तो घरी असेल, नाहीतर वाचनालयात' असे आपण म्हणतो. 'नाही तर' ही अट आणि 'किंवा' हा पर्याय एकाच शब्दात नांदतात. तर्कशास्त्र ज्याला समतुल्यता म्हणते ती आपल्या जिभेवर आधीपासून आहे.

मग 'बट'च का गळतो? गोटलोब फ्रेगेने १८७९ साली 'बेग्रिफ्सश्रिफ्ट'मध्ये 'आणि' व 'पण' यांतला भेद आपल्या चिन्हलिपीबाहेर ठेवला, तो समजून-उमजून. पुढचे विधान अपेक्षेहून वेगळे आहे, एवढेच 'पण' सुचवतो. विधानांच्या खरेखोटेपणात त्याने फरक पडत नाही. वरचे वाक्य खोडून काढायचे तर ती गरीब नाही किंवा प्रामाणिक नाही, हे दाखवावे लागेल. 'गरीब सहसा अप्रामाणिक असतात' हे वक्त्याने म्हटलेलेच नाही. 'खोटे' म्हणून ते कसे नाकारणार? पॉल ग्राइसने १९६७च्या हार्वर्डमधील व्याख्यानांत अशा अर्थाला 'जे म्हटले' त्यापासून वेगळे काढले. त्याचे उदाहरण 'देअरफोर'चे होते.

आपल्याकडे स्थळ सांगताना 'मुलगी सावळी आहे, पण नाकीडोळी नीटस' हे वाक्य किती सहज येते! त्यातली दोन्ही विधाने खरी असू शकतात. अन्याय आहे तो 'पण'मध्ये, आणि तो विधान नसल्यामुळे कुणी त्याचा जाब विचारत नाही. ऐकणारा मान डोलावतो तेव्हा दोन विधानांबरोबर एक पूर्वग्रहही मान्य करून बसतो.

म्हणून हा स्वाध्याय आम्हांला आता वाचनाचा स्वाध्याय वाटतो. कथेतल्या निवेदकाचा एखादा परिच्छेद चिन्हांत लिहावा आणि न मावलेले शब्द बाजूला मांडावेत: पण, तरीसुद्धा, निदान, चक्क. पात्रांविषयीची माहिती चिन्हांत गेलेली असते; निवेदक त्यांच्याकडे कसा पाहतो, ते या उरलेल्या शब्दांत सापडते. समीक्षेने प्रश्न विचारायला तिथून आरंभ करावा.